टाक्यांची रेघ कुठे येणार, ते आधी विचारा

पायलोनायडल सायनस हे नाव ऐकलेलं नसलं तरी आजार बहुतेकांच्या ओळखीचा असतो. गावाकडे ‘माकडहाडापाशी गळू झालंय’ म्हणतात ते पुष्कळदा हेच. कमरेखाली दोन कुल्ल्यांमधली घळ सुरू होते, तिथे बरोबर मधल्या रेषेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. त्यांतून केस आत शिरतात. शरीर त्या केसांशी भांडत राहतं, आत पू धरतो आणि तो वाट काढत कुठेतरी बाजूला फुटतो. विशी-पंचविशीतल्या, अंगावर दाट केस असलेल्या, तासन्‌तास बसून राहणाऱ्या पोरांना जास्त होतो. मुलींनाही होतो.

मला तो झाला तेव्हा मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करत होतो. बरा झाला असं वाटून पुन्हा उलटला, आणि शेवटी नीट बरा झाला. मधल्या काळात जे कळलं ते सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर माझी वर्षं वाचली असती, म्हणून सविस्तर लिहितो आहे. जागा अवघड आहे, त्यामुळे याबद्दल कुणी उघड बोलत नाही. मी बोलणार आहे.

सुरुवात गावी झाली, लातूर जिल्ह्यात. दिवाळीला घरी गेलो होतो. एसटीत बसल्यापासून माकडहाड ठणकत होतं, दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढी लालबुंद गाठ आणि अंगात ताप. आईने कणकेचं हळद-तेल घातलेलं पोटीस करून दिलं. शेक बरा वाटला, पण रात्री पाठीवर टेकताही येईना. तालुक्याच्या डॉक्टरांनी जागेवर भूल दिली, चीर मारली आणि भपकन पू बाहेर आला. त्या क्षणी जो आराम पडला त्याचं वर्णन करता येणार नाही. गाजेची वात आत भरली, गोळ्या लिहून दिल्या, आठवड्याभरात मी पुण्याला परत.

तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की चिरा देऊन पू काढणं ही फक्त तातडीची सोय आहे. ताप उतरतो, ठणका थांबतो, पण मधल्या रेषेवरची छिद्रं आणि आतले केस तसेच राहतात. काही जणांचं एवढ्यावर भागतंही. माझं भागलं नाही.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरायची ती रात्री दहालाच सोडायची, असा आमचा दिनक्रम. प्लास्टिकची खुर्ची, मधे फक्त मेस आणि चहा. काही महिन्यांनी आतल्या कपड्यांवर डाग दिसायला लागले. दुखत नव्हतं, नुसतं ओलं. मग गाठ, मग पुन्हा ओलं. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या की पंधरा दिवस शांत. उठताना मी आधी खुर्चीकडे पाहायचो. काळी पँट सोडून दुसरी घालणं बंद केलं. रूमवरच्या मित्रांना ‘कंबर दुखते’ एवढंच सांगितलं होतं.

पहिल्या दवाखान्यात भगंदर म्हणून निदान झालं. ही गफलत पुष्कळांच्या बाबतीत होते, कारण दोन्हींत पू येतो आणि दोन्ही जागा जवळजवळच्या. भगंदराची वाट गुदमार्गात उघडते, पायलोनायडलची वाट त्वचेखाली असते आणि गुदमार्गाशी तिचा संबंध नसतो. दुसऱ्या सर्जननी पालथं झोपवून, दिवा जवळ घेऊन पाहिलं आणि मधल्या रेषेवरची छिद्रं मोजून दाखवली. मोबाइलवर फोटो काढून मलाही दाखवला. आपल्याच शरीराचा तो भाग मी पहिल्यांदा पाहत होतो. तीन काळे ठिपके, एकातून केसाचं टोक बाहेर आलेलं.

ऑपरेशन ठरलं. खराब भाग कापून काढायचा आणि कडा एकमेकांना जोडून टाके घालायचे. साधं, सोपं, लवकर कामाला लागता येईल असं. मी एकच प्रश्न विचारला: पूर्वपरीक्षेआधी बरं वाटेल का? ते म्हणाले, वाटेल.

टाके काढल्यावर चारच दिवसांत जखम खालच्या टोकापासून उसवली. पुढे कळलं की त्यात नवल काही नाही. घळीच्या तळाशी, बरोबर मधोमध टाक्यांची रेघ आली की ती जागा कायम ओलसर राहते, तिथे हवा लागत नाही, बसताना-उठताना दोन्ही बाजूंनी ताण पडतो आणि वरून गळणारा प्रत्येक केस घरंगळत तिथेच येतो. जखम भरायला याहून वाईट जागा अंगावर शोधून सापडणार नाही. आता तिला पुन्हा टाके घालता येत नव्हते. उघडी ठेवून आतून भरून येऊ द्यायची, रोज ड्रेसिंग करायचं. किती दिवस? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, महिनेही लागतील.

रोज ड्रेसिंग कुणी करायचं, हा प्रश्न ऑपरेशनपेक्षा मोठा निघाला. ही जखम स्वतःला दिसत नाही. आरशात पाहून, हात मागे वळवून गाज भरता येत नाही. मी पहिले काही दिवस प्रयत्न केला आणि ती वरच्यावर बुजत चालली. रोज नर्सिंग होमला जाऊन करून घेणं परवडणारं नव्हतं. मी बॅग भरली आणि गावी गेलो.

आई करते म्हणाली. माझ्याने ते होईना. मग अण्णा म्हणाले, ‘तू पालथा पड, मी बघतो.’

अण्णांनी आयुष्यभर शेती केली. बैलाच्या खांद्याला जू घासून झालेल्या जखमा त्यांनी किती धुतल्या असतील, त्याला हिशेब नाही. सकाळी आंघोळीच्या वेळी मी जखमेवर कोमट पाण्याची धार सोडायचो, मग ओसरीतल्या लोखंडी कॉटवर उजेडाच्या बाजूला पालथा. अण्णा हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. सलाइनने जखम धुवून, गाज ओली करून हलक्या हाताने तळापर्यंत सोडायचे. ठासून भरायची नाही, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, पण ते अण्णांना आधीच माहीत होतं. म्हणाले, ‘आतून भरून आली पायजे. वरून कातडं धरलं की आत पू ऱ्हातंय. जनावराचं बी तसंच असतंय.’

कडेचे केस ते आठवड्याला मशिनने बारीक करायचे. आणि रोज जखमेत पाहायचे. शेतकऱ्याच्या करदोट्याला काटा काढायचा चिमटा असतो, तो त्यांनी उकळत्या पाण्यात टाकून ठेवलेला असायचा. एके दिवशी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चिमट्याच्या टोकाला धरलेला एक केस माझ्यासमोर पांढऱ्या फडक्यावर ठेवला. काळा, सरळ, बोटाच्या पेरापेक्षा लांब. कमरेवरचा नव्हताच तो. डोक्याचा होता.

पुढे मी हे वाचलं आणि माझा विश्वास बसेना. पायलोनायडलच्या पोकळीतून काढलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा त्यांत डोक्याच्या केसांचे बारीक तुकडे मोठ्या प्रमाणात सापडले. ते मूळ नसलेले, दोन्ही टोकांना धारदार, कापलेले तुकडे असतात. कटिंग केल्यावर मानेवरून पाठीवर, पाठीवरून घळीत. आपल्याकडे कटिंग करून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावू देत नाहीत. पुण्यात रूमवर पाणी सकाळी दोन तास यायचं, सलूनमधून आम्ही थेट अभ्यासिकेत जायचो. आता मी कटिंग आंघोळीच्या आधीच करतो, आणि पाठीवरून खाली भरपूर पाणी घेतो. फुकटातला उपाय आहे, सगळ्यांनी करावा.

जखम भरली. जवळजवळ. खालच्या टोकाला तांदळाएवढी जागा काही केल्या मिटेना. पुण्यात परतलो, अभ्यास सुरू झाला, आणि वर्ष व्हायच्या आत पुन्हा गाठ, पुन्हा ओलं.

त्या वेळी मी खचलो होतो, हे सरळ सांगतो. एका काकांनी क्षारसूत्राचा आग्रह धरला. मी चौकशी केली. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकावर एक एकवीस लेप दिलेला दोरा वाटेत ओवतात आणि आठवड्याला बदलतात. तो वाट हळूहळू कापत, साफ करत जातो. भगंदरासाठी त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे, पायलोनायडललाही वापरतात. ज्या वैद्यांना भेटलो ते प्रामाणिक होते. हात लावून म्हणाले, इथे आधीच्या ऑपरेशनचा कडक व्रण आहे, वाट एक नाही, तुम्ही सर्जनकडेच जा. ‘टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर’ अशा जाहिराती करणाऱ्या लेसरवाल्या केंद्रांतही गेलो. लेसर किंवा दुर्बिणीने आतून साफ करण्याची पद्धत खोटी नाही, छोट्या आणि पहिल्यांदाच झालेल्या सायनसला ती चांगली लागू पडते. पण माझी जागा न पाहता फोनवरच पॅकेज सांगितलं गेलं, तेव्हा मी तो नाद सोडला.

मग वाचायला बसलो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात हा आजार इतका फोफावला की ‘जीप डिसीज’ म्हणून ओळखला गेला. खडबडीत रस्त्यांवर जीपमध्ये बसून धक्के खाल्ल्याने तो होतो असं मानायचे, आणि सुमारे ऐंशी हजार सैनिकांना त्यासाठी इस्पितळात ठेवावं लागलं. त्यांनाही कापून उघडं ठेवायचे, महिनोन्‌महिने ड्रेसिंग, आणि तरी उलटायचाच. पुढे ग्रीसच्या लष्करातले सर्जन कॅरिडाकिस यांनी हजारो सैनिकांवर ऑपरेशनं करून एक गोष्ट ठामपणे मांडली: टाक्यांची रेघ मधल्या रेषेवर येऊ देऊ नका, ती एका बाजूला न्या आणि घळ उथळ करा. अमेरिकेतल्या बॅस्कम यांनी त्याच वाटेने जाणारी दुसरी पद्धत बसवली. लिंबर्ग फ्लॅप ही तिसरी, रशियातल्या सर्जनच्या नावाची; फ्लॅप म्हणजे शेजारून फिरवून आणलेला त्वचेचा तुकडा. २०१० साली या सगळ्या अभ्यासांचा जो आढावा कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने काढला, त्याचा निष्कर्षही हाच होता: जखम टाक्यांनी बंद करायची असेल तर रेघ मधोमध नको.

माझं ऑपरेशन झालं त्याच्या कितीतरी आधीची ही माहिती. मला राग आला. अजूनही येतो. परंतु त्या रागातून एक प्रश्न हाती आला, आणि तो मी पुढच्या प्रत्येक सर्जनना विचारला: टाक्यांची रेघ कुठे येणार?

एकांनी ‘ते आमच्यावर सोडा’ म्हटलं. दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, त्यांनी कागद ओढला आणि आकृती काढली. मधोमध समभुज चौकोन, पतंगासारखा. एवढा भाग माकडहाडावरच्या आवरणापर्यंत खोल काढणार. शेजारच्या कुल्ल्यावरची तेवढ्याच मापाची त्वचा, खालच्या चरबीसकट, एका बाजूने जोडलेली ठेवून फिरवणार आणि त्या खड्ड्यात बसवणार. चौकोनाचं खालचं टोकही मधल्या रेषेपासून एक-दोन सेंटिमीटर बाजूला घेणार, कारण उलटतं ते बहुधा खालच्या टोकालाच. ‘घळ सपाट होईल. दिसायला थोडं वेगळं दिसेल. चालेल?’ मी म्हटलं, मॅडम, तिथे बघतंय कोण. त्या म्हणाल्या, ‘लग्न व्हायचंय ना, नंतर तक्रार नको.’ कोणत्याही डॉक्टरांनी मला इतकं मोकळेपणाने काही सांगितलं नव्हतं.

कण्यातून भूल दिली, त्यामुळे मी जागा होतो. पालथं झोपवून, दोन्ही कुल्ले रुंद चिकटपट्ट्यांनी बाजूला ओढून टेबलाला बांधले. छिद्रांतून निळा रंग सोडला. आतल्या वाटा जिथे जातात तिथे तो पसरतो, त्यामुळे काही मागे राहण्याची शक्यता कमी होते. मार्करने रेषा आखल्या, फूटपट्टी लावून. मॅडम शिकाऊ डॉक्टरांना कोन समजावत होत्या, साठचा आणि एकशेवीसचा. मला ते ऐकून धीर आला.

नंतरचे दोन आठवडे मात्र अवघड. पाठीवर झोपायचं नाही, बसायचं नाही, वाकायचं नाही. पालथं किंवा कुशीवर. फ्लॅपखालून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला दाबून हवा काढलेला प्लास्टिकचा डबा. आत साचणारं लालसर पाणी त्यात ओढलं जातं. रोज ते मोजायचं, वहीत लिहायचं. पाणी कमी झाल्याशिवाय नळी काढत नाहीत. सिस्टर दर पाळीला येऊन फ्लॅपचं टोक बोटाने दाबून पाहायच्या: दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच गुलाबी. ते टोक काळं पडलं तर रक्तपुरवठा गेला असं समजायचं. मी सारखा विचारायचो, गुलाबी आहे ना? सिस्टर न कंटाळता सांगायच्या, आहे.

घरी आल्यावर खरा त्रास संडासचा. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसलं की नेमकी तीच जागा ताणली जाते. कमोड असलेल्या मित्राच्या फ्लॅटवर महिनाभर राहिलो. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, कुंथायचं नाही. झाल्यावर कागद घासायचा नाही, पाण्याने धुवून जागा टिपून कोरडी करायची. कोरडी ठेवणं हे सगळ्यांत महत्त्वाचं. मांडी घालून जेवता येत नाही, उभ्यानेच जेवायचं. अभ्यास मी स्वयंपाकाच्या ओट्यावर पुस्तक ठेवून उभ्याने केला, आणि पाय दुखले की पलंगावर पालथा. मित्राने तेवढ्या दिवसांत एकदाही ओटा मोकळा कर म्हटलं नाही. डबा उचलून तो बाजूला स्वतःचा चहा करायचा.

टाके काढले, रेघ जुळलेली होती. एका कोपऱ्यातून थोडे दिवस पाणी आलं, ते आपोआप थांबलं. पुढे हळूहळू बसायला सुरुवात केली, आधी कडेवर, मग पाठ टेकून, आणि दर अर्ध्या तासाने उठायचं. बाजारात मिळणारी मधे भोक असलेली गोल उशी मॅडमनी नको म्हटलं, तिने टाक्यांवर ताण येतो. फिरवून बसवलेली त्वचा बरेच महिने बधिर होती. चिमटा काढला तरी कळायचं नाही. आता अर्धीअधिक संवेदना परतली आहे.

आता राहिला केसांचा प्रश्न, आणि इथे पुष्कळ जण ढिले पडतात. ऑपरेशन झालं म्हणजे केस उगवायचे थांबत नाहीत. बरेच जण वस्तऱ्याने दाढी केल्यासारखं त्या जागेवर करत राहतात. त्याने फायदा होण्याऐवजी दीर्घकाळात पुन्हा होण्याचं प्रमाण वाढल्याचं एका जर्मन अभ्यासात दिसलं होतं. लेसरने केस कमी करणं जास्त भरवशाचं. अमेरिकेत ११ ते २१ वयाच्या ३०२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या काळजीबरोबर लेसर घेतलेल्यांत वर्षभरात १०.४ टक्के जणांना आजार उलटला, लेसर न घेतलेल्यांत ३३.६ टक्के जणांना. एकदा घेऊन होत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने परत परत घ्यावं लागतं. मी घेतो आहे. स्किनच्या डॉक्टरांकडे हे कारण सांगितलं तर त्यांना ते लगेच कळतं, लाजायचं काही नाही.

अलीकडेच अभ्यासिकेतला एक मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘दादा, तुम्हाला ते झालं होतं ना?’ त्याला पहिल्यांदाच झालेलं, छोटं. मी त्याला फ्लॅप सुचवला नाही. प्रत्येकाला एवढं मोठं ऑपरेशन लागत नाही. किती छिद्रं आहेत, वाट किती लांब, आधी काही झालंय का, यावर ते ठरतं. त्याला म्हटलं, गोळ्या घेत बसू नको, सर्जनला दाखव, आणि टाके घालणार असतील तर रेघ कुठे येणार ते विचार.

त्याने पैशांचंही विचारलं, ते इथेही लिहितो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. २००६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तशी योजना लागू झाली. पुण्यातली पुष्कळ मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय आहेत, पण हे आपणहून कुणी सांगत नाही. समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं असतं. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. माझा दाखला गावाकडून यायला उशीर झाला आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलावी लागली, म्हणून दाखवायला जाण्याआधीच तो काढून ठेवा. सोबत आधीच्या सगळ्या ऑपरेशनांचे कागद न्या, विशेषतः डिस्चार्ज कार्ड. आत नेमकं काय केलं होतं ते त्यावरच लिहिलेलं असतं, आणि पुढच्या सर्जनना सगळ्यांत आधी तेच लागतं.